'होम' हे नाम की क्रियाविशेषण? इंग्रजीतील या दोन जाती मुलांना कशा ओळखायला शिकवाव्यात?

सुरंगी (दापोली)

सर्वांना नमस्कार. मी दापोली तालुक्यातील एका गावात आठवी ते दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बहुतेक मुले मराठी माध्यमाची आहेत, काही सेमी इंग्रजीची. शब्दांच्या जाती हा भाग त्यांना एरवी जड जात नाही, कारण नाम, सर्वनाम, विशेषण ही नावे त्यांनी मराठीच्या तासाला पुष्कळ आधी पाठ केलेली असतात. घोटाळा होतो तो नाम आणि क्रियाविशेषण यांच्या सीमेवर.

'आय वेंट होम' या वाक्यातील 'होम' क्रियाविशेषण आहे, असे मार्गदर्शकात दिले आहे. 'आय लेफ्ट होम' यातील 'होम' मात्र नाम. 'वुई मेट लास्ट संडे' यातील 'संडे' एका पुस्तकात नाम आहे आणि दुसऱ्यात क्रियाविशेषण. मुलांना मी आजवर असे सांगत आले की, जो शब्द केव्हा, कुठे, कसे या प्रश्नांचे उत्तर देतो तो क्रियाविशेषण. त्यावर एका मुलीने विचारले की 'रत्नागिरी इज अ डिस्ट्रिक्ट' यातही ठिकाणच सांगितले आहे, मग रत्नागिरी नाम कसे? तिची शंका मला रास्त वाटते. अर्थावर न विसंबता वापरता येईल अशी एखादी खात्रीची कसोटी आहे का?

चाकरमानी (परळ, मूळ गाव संगमेश्वर)

गणपतीला जे गाठायचे असते ते 'होम' नेहमी नामच असते, मग रेल्वेचे आरक्षण मिळो वा न मिळो. विनोद सोडा, प्रश्न उत्तम आहे. वाचत राहीन.

जुना मास्तर (मालवण)

सुरंगीताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमके दुखणे पकडले आहे. नाम म्हणजे व्यक्ती, वस्तू वा स्थळाचे नाव आणि क्रियाविशेषण म्हणजे केव्हा-कुठे-कसे, या दोन्ही व्याख्या अर्थावर उभ्या आहेत, आणि काळ व स्थळ हे अर्थाचे असे प्रांत आहेत जिथे दोन्ही व्याख्या एकाच वेळी लागू पडतात. त्यामुळे शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याचे शेजारी पाहावेत. इंग्रजीत नामाच्या आधी 'द' किंवा 'माय' येऊ शकते, नामाला विशेषण लागू शकते, बहुतेक नामांचे अनेकवचन होते. क्रियाविशेषणाला यातले काही चालत नाही.

मी वर्गात एकच युक्ती वापरत असे: शब्दाच्या आधी 'माय' घालून पाहा. 'आय लेफ्ट माय होम' हे वाक्य उभे राहते. 'आय वेंट माय होम' हे कोसळते. ते सावरायचे तर 'टू' आणावा लागतो. म्हणून 'लेफ्ट'नंतरचे 'होम' नाम आणि 'वेंट'नंतरचे क्रियाविशेषण. ज्या मुलाला हे कळले तो 'आय वेंट टू होम' असे पुन्हा लिहीत नाही, कारण क्रियाविशेषणाआधी 'टू' लागत नाही हे त्याच्या आपसूक ध्यानात येते. आपली मुले तो 'टू' घालतात, कारण 'शाळेत गेलो' याचे 'टू स्कूल' होते, मग 'घरी गेलो' याचेही तसेच होणार असे त्यांना वाटते. त्यात त्यांचा दोष नाही.

आता 'लास्ट संडे'. 'लास्ट' हे विशेषण 'संडे'ला चिकटले आहे. विशेषण नामालाच लागते. म्हणून 'संडे' नाम.

खाडीकाठ (चिपळूण)

मास्तर, 'होम'बद्दलचे पटले. 'संडे'बद्दलचे पटत नाही. मी सध्या स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे आणि माझ्याकडील पुस्तकात 'लास्ट संडे' हे स्पष्टपणे क्रियाविशेषण म्हणून दिले आहे. 'वुई मेट' या क्रियेचा काळ ते सांगते, 'व्हेन' या प्रश्नाचे उत्तर देते. ते वाक्याचा कर्ता नाही आणि कर्मही नाही. जे कर्ताही नाही, कर्मही नाही आणि ज्याच्या आधी शब्दयोगी अव्ययही नाही, ते नाम कसे असेल?

जुना मास्तर (मालवण)

तुमचे पुस्तक आणि मी, दोघेही बरोबर असू शकतो, कारण आम्ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहोत. शब्द कोणत्या जातीचा, हा एक प्रश्न. तो शब्द किंवा शब्दसमूह या वाक्यात कोणते काम करतो, हा दुसरा. शिमग्यात सुतारकाम करणारा गावकरी ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतो. तेवढा वेळ तो पालखीचा भोई असतो, पण म्हणून त्याचा धंदा बदलत नाही. 'लास्ट संडे' हा शब्दसमूह या वाक्यात क्रियाविशेषणाचे काम करतो आणि त्याच्या पोटातला 'संडे' नाम तो नामच राहतो.

इंग्रजी व्याकरणात या दोन गोष्टींना दोन नावे आहेत: जातीला 'अ‍ॅडव्हर्ब' आणि कामाला 'अ‍ॅडव्हर्बियल'. आपण शाळेत दोन्हींसाठी 'क्रियाविशेषण' हाच शब्द वापरतो आणि अर्धा गोंधळ तिथेच जन्माला येतो. 'ही वॉक्ड टू माइल्स' पाहा. 'माइल्स' अनेकवचनी आहे, त्याच्या आधी संख्याविशेषण आहे, म्हणजे नाम असण्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही 'टू माइल्स' हे चालण्याचे अंतर सांगते, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे. त्याला कर्म समजून 'टू माइल्स वेअर वॉक्ड बाय हिम' असे सहसा कोणी म्हणत नाही.

फणसगरा (सावंतवाडी)

या चर्चेत '-ली' प्रत्ययाचा उल्लेख अजून आला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण आमच्या वर्गात क्रियाविशेषण ओळखण्याची तीच एकमेव पद्धत होती. शेवटी 'ली' दिसले की झाले. त्या नियमाने 'फॅमिली', 'बटरफ्लाय', 'रिप्लाय', 'जुलै' आणि 'इटली' हे सगळे क्रियाविशेषण ठरतात, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये या सर्वांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत. 'फ्रेंडली', 'लोनली', 'काउअर्डली' ही विशेषणे आहेत. उलट 'फास्ट', 'हार्ड', 'सून' यांना 'ली' नसूनही ती क्रियाविशेषणाचे काम चोख करतात. 'हार्ड'ला हौसेने 'ली' जोडले तर अर्थच फिरतो. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्टाळू. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ काही करतच नाही. कोणाला प्रशस्तिपत्रक लिहून देताना हे लक्षात ठेवावे.

माडाखाली (वेंगुर्ला)

आमच्या वाडीतल्या मुलांसाठी माझे एक वाक्य ठरलेले आहे: 'ही स्विम्स वेल इन द वेल.' पहिले 'वेल' क्रियाविशेषण, दुसऱ्याच्या आधी 'द' आहे म्हणून नाम. विहिरीत पोहायला शिकलेली मुले हे विसरत नाहीत.

बंदरावरची (हर्णै)

माडाखाली, वाक्य वहीत उतरवून घेतले. समुद्राकाठच्या मुलांसाठी मी आणखी काही शब्द सुचवीन. 'द बोट सेल्ड नॉर्थ' यात 'नॉर्थ' क्रियाविशेषण आहे, तर 'द विंड ब्लू फ्रॉम द नॉर्थ' यात नाम आहे, आणि दोन्हींमधला फरक करणारा 'द' डोळ्यांना दिसतो. 'नॉर्थ विंड'मध्ये तोच शब्द वाऱ्याचा प्रकार सांगतो. मुलांना वाऱ्याच्या दिशा ठाऊक असतात, त्यामुळे वाक्याचा अर्थ समजावण्यात वेळ जात नाही आणि सगळे लक्ष व्याकरणाकडे देता येते.

याउलट 'अशोअर', 'अबोर्ड', 'ओव्हरबोर्ड' हे शब्द. 'शोअर' म्हणजे किनारा, 'बोर्ड' म्हणजे फळी किंवा जहाजाची बाजू, ही दोन्ही नामे. पहिल्या दोन शब्दांत त्यांच्या आधीचे 'अ' हे एके काळचे 'ऑन' आहे; ते नामाला कायमचे चिकटून क्रियाविशेषण तयार झाले. 'अस्लीप' आणि 'अफ्लोट' हे शब्दही याच वाटेने आले. 'द क्रू वेंट अशोअर' यात 'माय अशोअर' असे काही म्हणता येत नाही, म्हणजे मास्तरांची कसोटी येथे चालते.

पाठशाळा (राजापूर)

मी संस्कृत शिकवतो, इंग्रजी नाही. पण हा धागा वाचून राहवले नाही. 'गृहं गच्छति' आणि 'शीघ्रं गच्छति' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. दोन्ही शब्द द्वितीयेच्या एकवचनात आहेत, दोन्हींच्या शेवटी अनुस्वार आहे, आणि तरीही 'गृहं' हे नाम असून गमनक्रियेचे कर्म आहे, तर 'शीघ्रं' हे क्रियाविशेषण आहे. वेगळेपणा कळतो तो असा की 'गृहं'ला 'स्वं' किंवा 'सुन्दरं' असे विशेषण लावता येते. 'शीघ्रं'ला लावता येत नाही. म्हणजे मास्तरांची 'माय'ची कसोटी संस्कृतातही लागू पडते.

गतिवाचक क्रियापदाबरोबर गंतव्य स्थान द्वितीयेत ठेवणे ही या भाषाकुळातील जुनी रीत आहे. लॅटिनमध्ये 'घरी' या अर्थी 'डोमुम' हा शब्द शब्दयोगी अव्ययाशिवाय द्वितीयेतच येतो. प्राचीन इंग्रजीतही 'हाम' हे नाम याच पद्धतीने वापरले जाई. पुढे इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजून गेले, विभक्ती दिसेनाशी झाली आणि उघडाबोडका 'होम' मागे राहिला. त्याला आज क्रियाविशेषण म्हणतात. त्याच्या आधी 'टू' का नाही, याचे कारण हे आहे: तो काढून टाकलेला नसून तेथे कधी नव्हताच.

बंदरावरची (हर्णै)

पाठशाळा, फारच छान. जाता जाता एक भर घालते. 'ऑल्वेज', 'नाउअडेज', 'वन्स', 'ट्वाइस' यांच्या शेवटचा 'स' हा अनेकवचनाचा नसून जुन्या षष्ठीचा अवशेष आहे. 'ही वर्क्स नाइट्स' या प्रयोगाचा उगमही त्याच षष्ठीत आहे, जरी आज तो अनेकवचनासारखा ऐकू येतो. त्यामुळे केवळ शेवटी 'स' दिसला म्हणून अनेकवचन आणि म्हणून नाम, असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नये.

तर्कटी (अलिबाग)

सगळे एका सुरात बोलू लागले की मला शंका येऊ लागते. शाळेत आणखी एक नियम शिकवतात: शब्दयोगी अव्ययानंतर येते ते नाम. मग 'फ्रॉम हिअर', 'फ्रॉम अब्रॉड', 'अंटिल रीसेंटली' यांचे काय करायचे? 'रीसेंटली'ला नाम म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आणि 'माय'ची कसोटी तरी कुठे सर्वत्र चालते? 'आय लाइक रत्नागिरी' यात 'माय रत्नागिरी' म्हणणे ओढूनताणून होते, पण रत्नागिरी नाम आहेच. आता 'यस्टरडे' घ्या. 'यस्टरडेज पेपर' म्हणता येते, 'यस्टरडे वॉज अ हॉलिडे' म्हणता येते, म्हणजे ते नामासारखे वागते. पण 'द यस्टरडे' किंवा 'माय यस्टरडे' सहसा कोणी म्हणत नाही. मास्तर, तुमच्या जाळ्याला बरीच भोके आहेत.

जुना मास्तर (मालवण)

भोके आहेत, म्हणूनच एका जाळ्यावर भागत नाही. शब्दयोगी अव्ययाची कसोटी मी जाणूनबुजून दिली नव्हती, कारण ती तुम्ही दाखवलेल्या ठिकाणीच फसते.

विशेषनामांसाठी शब्द बदलून पाहावा. 'आय लाइक रत्नागिरी' याचे 'आय लाइक इट' होते. 'आय वेंट होम' याचे 'आय वेंट देअर' होते, 'आय वेंट इट' होत नाही. ज्याच्या जागी 'इट' बसते ते नामाच्या जागेवर आहे. ज्याच्या जागी 'देअर' किंवा 'देन' बसते ते क्रियाविशेषणाच्या जागेवर आहे. सुरंगीताईंच्या विद्यार्थिनीलाही हेच उत्तर द्यावे: 'रत्नागिरी इज अ डिस्ट्रिक्ट' याचे 'इट इज अ डिस्ट्रिक्ट' होते. मात्र ही कसोटी काम सांगते, जात नव्हे. 'लास्ट संडे'च्या जागी 'देन' बसते, यावरून त्याचे काम कळले. 'संडे'ची जात कळण्यासाठी त्याला 'लास्ट' चिकटलेले आहे हेच पाहावे लागते.

'यस्टरडे'चे तुम्ही म्हणता ते खरे आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हडलस्टन आणि पुलम यांच्या बृहद्‌व्याकरणात 'यस्टरडे', 'टुडे', 'टुमॉरो' आणि 'टुनाइट' यांना चक्क सर्वनामांत बसवले आहे. नामासारखे वागणे पण 'द' न घेणे हे सर्वनामाचे लक्षण आहे, त्यामुळे त्या वर्गीकरणात तर्क आहे. तेच व्याकरण 'वेंट होम' मधील 'होम'ला प्रिपोझिशन, म्हणजे शब्दयोगी अव्यय, मानते. दहावीच्या मुलांपुढे यातले काही काढू नये, ही माझी हात जोडून विनंती.

फणसगरा (सावंतवाडी)

'होम' प्रिपोझिशन! आता मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसतो. हे 'बाहेर', म्हणजे 'आउटसाइड', नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय अशा चारही रूपांत शब्दकोशात सापडते, याची कृपया नोंद घ्यावी.

तांबडी माती (कुडाळ)

इंग्रजीलाच नावे ठेवण्याचे कारण नाही. हा तंटा मराठीतही आहे. मराठीच्या शालेय पुस्तकांत 'सकाळी', 'रात्री', 'दिवसा' ही नामसाधित क्रियाविशेषणे म्हणून दिलेली असतात, आणि त्याच पुस्तकात विभक्तीच्या प्रकरणात 'घरी' हे नामाचे सप्तमीचे रूप म्हणून येते. आता मास्तरांची विशेषणाची कसोटी येथे लावून पाहा. 'त्या रात्री पाऊस पडला', 'दुसऱ्या सकाळी होड्या निघाल्या' असे म्हणता येते. म्हणजे 'रात्री' आणि 'सकाळी' यांच्यात नामपण अजून जिवंत आहे. 'त्या दिवसा' मात्र म्हणता येत नाही, तेथे 'त्या दिवशी' असेच म्हणावे लागते. म्हणून 'दिवसा' हे पक्के क्रियाविशेषण झाले आहे आणि 'रात्री' अजून दोन्हीकडे पाय ठेवून आहे. एकाच यादीत शेजारी छापलेले हे दोन शब्द प्रत्यक्षात सारखे वागत नाहीत.

सुरंगीताई, मला वाटते की मुलांना आधी हे मराठीत करून दाखवावे. 'त्या' लावून पाहणे त्यांना सहज जमते, कारण कोणते वाक्य कानाला खटकते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीत 'आय वेंट माय होम' खटकते हे मालवणला मास्तरांच्या कानाला कळते. आठवीतल्या मुलाच्या कानाला ते कळेलच असे नाही, आणि या कसोटीची खरी मर्यादा तीच आहे.

तर्कटी (अलिबाग)

तांबडी माती यांचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खटकण्यावर आधारलेली कसोटी ज्याला भाषा येते त्यालाच वापरता येते. ज्याला ती शिकायची आहे त्याच्यासाठी ती उलट्या क्रमाने आली.

जुना मास्तर (मालवण)

मान्य. म्हणूनच वर्गात मी कसोटीआधी वाक्ये पुष्कळ वाचून घेत असे, आणि 'गो होम', 'कम होम', 'गेट होम', 'लीव्ह होम', 'अ‍ॅट होम' हे प्रयोग मोठ्याने म्हणवून घेत असे. कान तयार झाल्याशिवाय व्याकरण अंगी लागत नाही.

खाडीकाठ (चिपळूण)

माझा एक व्यावहारिक प्रश्न. परीक्षेत 'वुई मेट लास्ट संडे' हे वाक्य आले आणि पर्यायांत नाम व क्रियाविशेषण दोन्ही असले, तर खूण कशावर करू? दुसरे असे की, 'आय रीच्ड होम' यात 'होम' काय समजायचे? 'आय रीच्ड माय होम' चुकीचे वाटत नाही, आणि 'आय रीच्ड देअर'ही आपल्याकडे सर्रास ऐकू येते.

जुना मास्तर (मालवण)

अधोरेखन कशाखाली आहे ते पाहा. केवळ 'संडे' अधोरेखित असेल तर नाम. 'लास्ट संडे' हे दोन्ही शब्द अधोरेखित असतील तर विचारणारा कामाविषयी विचारत आहे, तेथे क्रियाविशेषण. 'रीच' हे सकर्मक क्रियापद आहे, 'रीच द स्टेशन' म्हणताना त्याला कर्म लागते, म्हणून 'रीच्ड होम' मधील 'होम'ला मी नाम म्हणेन.

पाठशाळा (राजापूर)

मास्तरांशी प्रथमच असहमत होतो. बोलणाऱ्याच्या मनात 'रीच्ड होम' हे 'गॉट होम'च्या धर्तीवर घडलेले असू शकते, आणि 'गॉट होम' मधील 'होम' निःसंशय क्रियाविशेषण आहे. असे वाक्य परीक्षेत विचारणेच गैर आहे.

सुरंगी (दापोली)

सर्वांचे आभार. मी ठरवले आहे ते असे: पहिल्या तासाला 'त्या रात्री' आणि 'दिवसा' घेऊन मराठीतच सुरुवात करायची, मग 'होम', 'नॉर्थ' आणि 'वेल'ची वाक्ये वाचून घ्यायची, आणि जात व काम हे दोन प्रश्न फळ्यावर दोन वेगळ्या रकान्यांत मांडायचे. 'लास्ट संडे'साठी दोन्ही रकाने भरावे लागतील, म्हणजे वादाला जागाच राहणार नाही. 'रीच्ड होम' मी वगळणार आहे.

एक वाक्यजोडी मात्र अजून हवी आहे. 'टुडे इज मंडे' आणि 'आय अ‍ॅम बिझी टुडे' यांतील 'टुडे'चा फरक 'माय' न वापरता कसा दाखवावा?

बंदरावरची (हर्णै)

शब्द गाळून पाहायला सांगा. दुसऱ्या वाक्यातून 'टुडे' काढले तरी 'आय अ‍ॅम बिझी' हे पूर्ण वाक्य उरते. पहिल्यातून काढले तर 'इज मंडे' उरते, त्याला कर्ताच नाही. जो शब्द गेल्यावर वाक्याचा कर्ता जातो तो क्रियाविशेषण असू शकत नाही. मात्र याचा व्यत्यास मुलांना सांगू नका. 'ही लिव्ह्‌ज अब्रॉड' यातून 'अब्रॉड' गाळले तर वाक्य लंगडे होते, तरी ते क्रियाविशेषणच आहे.

चाकरमानी (परळ, मूळ गाव संगमेश्वर)

सगळे वाचले. आता एवढेच सांगा: 'द ट्रेन केम लेट' आणि 'द ट्रेन वॉज लेट' यांतील 'लेट' कोणत्या जातीचे? कोकणात येणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

जुना मास्तर (मालवण)

पहिले क्रियाविशेषण, दुसरे विशेषण. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या सीमेसाठी कृपया वेगळा धागा काढावा. तो याहून लांब होईल.